घरखरेदी आणि वकिलाचा सल्ला
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कोराडी येथे दिलेले भाषण)



चिटणीसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांची अपेक्षा मी मुलांच्या शिक्षणाविषयी बोलावे अशी होती. अडतीस वर्षे खडू हाती धरलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? परंतु यंदा आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे घर किंवा प्लॉट घेण्याच्या विचारात आहेत, असे माझ्या कानी आले. म्हणून विषय मीच बदलून मागितला. मी कायदेपंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शिक्षक आहे. मात्र या एका बाबतीत मी माझ्या शहाणपणाची किंमत रोख मोजलेली आहे, आणि तेवढ्याच अधिकाराने आज उभा आहे.

१९७४ साली कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि आपल्या या गावाचे रूप पालटू लागले. बाहेरगावची माणसे आली, भाड्याच्या खोल्या आल्या, आणि ज्या जागेकडे पूर्वी कोणी ढुंकून पाहत नसे तिला भाव आला. १९९६ साली मीही भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलून आबादीतील एक जुने कौलारू घर मागल्या अंगणासह विकत घेतले. किंमत ठरली पंच्याऐंशी हजार रुपये. विकणारे दोघे भाऊ आपल्याच ज्ञातीतले, परिचयातले. त्यांच्या वडिलांनी ते घर स्वकष्टाने बांधलेले. आईवडील दोघेही १९८९ पर्यंत निवर्तले होते, आणि ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर दोन्ही भावांची नावे स्वच्छ अक्षरांत चढलेली होती.

माझ्या शाळेतील एका सहकाऱ्याने सुचविले, "गुरुजी, नागपूरला एखाद्या दिवाणी वकिलाला कागद दाखवा. पाचशे रुपये घेईल." मी हसलो. मुलांना अर्ज लिहावयास शिकविणारा मी. मला कागद वाचून दाखविण्यासाठी पाचशे रुपये कशाला? शिवाय व्यवहार घरच्यासारखा. वकील मध्ये घातला तर त्या भावांना काय वाटेल? आम्ही जगदंबेच्या देवळात नारळ फोडला, इसाराची रक्कम दिली, अर्जनवीसाकडून विक्रीपत्र लिहून घेतले आणि त्याची रीतसर रजिस्ट्री केली. शिक्का पाहून मला धन्यता वाटली.

आठ वर्षांनी, २००४ साली, टपालाने एका वकिलाची नोटीस आली. ती त्या दोघा भावांच्या बहिणीची होती. वडिलांच्या घरात तिचा एकतृतीयांश हिस्सा आहे, तिची संमती वा सही घेतलेली नाही, सबब तिचा हिस्सा वाटून द्यावा, असा मजकूर होता. प्रथम मला संताप आला. चार शेजाऱ्यांनी त्यात तेल ओतले. "लग्नात दिलेच होते की तिला," असे जो तो म्हणू लागला. मग मी त्याच वकिलांकडे गेलो, ज्यांच्याकडे १९९६ साली जावयास हवे होते. त्यांनी माझे विक्रीपत्र पाच मिनिटे वाचले आणि मान वर करून एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, विकणाऱ्यांना बहिणी किती?"

मंडळी, त्या बहिणीच्या लग्नात मी स्वतः पंगतीत वाढले होते! बहीण आहे हे मला पक्के ठाऊक होते. पण त्या माहितीचा विक्रीपत्राशी काही संबंध असतो, हे ठाऊक नव्हते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्र न करता वारलेल्या पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिलेला आहे. तिचे लग्न झाले म्हणून तो जात नाही. भावांनी मला विकले ते त्यांच्या मालकीचे दोन हिस्से. तिसरा त्यांचा नव्हताच, मग तो मला कोठून मिळणार? भावांवर दावा करण्याचा मार्ग कायद्याने होता. पण तोवर एक भाऊ वारला होता आणि दुसऱ्याजवळ वसूल करण्यासारखे काही उरले नव्हते. अखेर सत्तर हजार रुपये देऊन मी त्या भगिनीच्या हिश्श्याचे वेगळे विक्रीपत्र नोंदवून घेतले. सही करताना ती एवढेच म्हणाली, "गुरुजी, मला कोणी विचारलेच नाही." तिचे काहीही चुकलेले नव्हते.

आता आपण विचाराल की, सरकारी कार्यालयात नोंदणी झाली असताना असे घडतेच कसे? येथेच सुशिक्षितांचाही घोटाळा होतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली नोंद होते ती दस्तऐवजाची, स्वामित्वाची नव्हे. दुय्यम निबंधक सही करणाऱ्याची ओळख पाहतो, मुद्रांक शुल्क पुरेसे आहे की नाही हे पाहतो. विकणारा खरा आणि एकटा मालक आहे काय, याचा निवाडा करणे हे त्याचे काम नाही. सातबारा, आखीव पत्रिका, ग्रामपंचायतीचा उतारा यांचेही तेच. ही मुख्यतः महसुलाची आणि कराची दप्तरे आहेत. केवळ फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलेले आहे. ऑस्ट्रेलियात टॉरेन्स नावाच्या गृहस्थांच्या प्रयत्नाने १८५८ पासून अशी पद्धत सुरू झाली की, सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, आणि त्याची हमी सरकारची. आपल्याकडे तशी हमी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स, जॉर्जिया, दक्षिण कॅरोलिना यांसारख्या काही राज्यांत घराचा व्यवहार वकिलावाचून पुरा होत नाही, आणि मालकीत दोष निघाल्यास भरपाई देणारा विमाही तेथे सर्रास उतरविला जातो. आपल्या येथे असा विमा सर्रास उतरविला जात नाही, हमी नाही आणि वकिलाची सक्तीही नाही. मालकी तपासून घेण्याचा सारा भार एकट्या खरेदीदाराच्या खांद्यावर टाकलेला आहे.

म्हणून वकिलाचे काम विक्रीपत्र लिहिणे एवढेच आहे, ही समजूत आपण सोडावी. लिहिण्याचे काम अर्जनवीसही करतो, आणि पुष्कळदा सुवाच्य करतो. वकिलाचे खरे काम इसार देण्यापूर्वीचे आहे. नोंदणी कार्यालयातील सूचींचा साधारणतः तीस वर्षांचा शोध घेणे, मिळकत कोणाकडून कोणाकडे आली त्याची साखळी जुळविणे, वारसांची यादी मागणे, बोजा किंवा दावा आहे काय ते पाहणे, आणि वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागविणे. आपल्या विदर्भात हे काम अधिकच नाजूक आहे. येथे ३१ मार्च १९५१ पर्यंत मालगुजारी होती. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. जुन्या कागदांत हिंदी मजकूर येतो, मौरुसी, भूमिधारी, भूमिस्वामी असे शब्द येतात. पुण्यामुंबईच्या निष्णात वकिलालाही ते क्षणभर अडवतील. येथल्या जुन्या वकिलाला अडवत नाहीत. शेतजमीन भोगवटदार वर्ग २ ची असेल तर सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही, हेही त्या एका आकड्यावरून वकिलाच्याच ध्यानात येते. आपण तो आकडा नुसता वाचून पुढे जातो.

प्लॉटच्या बाबतीत तर फारच जपावे लागते. सावनेरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोहो बाजूंस शेतांत चुन्याच्या रेघा ओढून प्लॉट विकले जाताना आपण पाहिलेलेच आहेत. शेत अकृषक झाले आहे काय, अभिन्यास मंजूर आहे काय, हे विक्रेत्याच्या तोंडून न ऐकता आदेशाच्या प्रतीवरून पाहावे. पाचशे चौरस मीटरांहून मोठा आणि आठांहून अधिक प्लॉटांचा अभिन्यास असेल, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली महारेराकडे त्याची नोंदणी असावयास हवी. "आर. एल. आहे" या दोन अक्षरांवर आपली माणसे निःशंक होतात. गुंठेवारी कायद्याखाली मिळणारे ते पत्र बांधकाम व विकास नियमित करते; विकणाऱ्याची मालकी सिद्ध करीत नाही. आणि केवळ आममुखत्यारपत्र व करारनामा यांच्या जोरावर घेतलेल्या प्लॉटविषयी तर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्येच स्पष्ट सांगितले आहे की, अशा कागदांनी मालकी मिळत नाही. नोंदलेले विक्रीपत्रच हवे.

वकील कोणाचा, हा प्रश्न पुष्कळांना सुचतच नाही. बँकेचे कर्ज घेणारे म्हणतात, "बँकेच्या वकिलाने पाहिले आहे." पाहिले असेल, परंतु त्याने बँकेची रक्कम सुरक्षित आहे काय ते पाहिले. हप्ता मात्र आपण भरावयाचा असतो, घर मिळो वा न मिळो. विक्रेता म्हणतो, "माझेच वकील दोघांचे काम करतील, तुमचा खर्च वाचेल." हा औदार्याचा भाग विनयाने नाकारावा. ज्ञातीतील वकील असेल तर आनंदच आहे, पण तो ज्ञातीतला आहे एवढ्याच कारणाने त्याला निवडू नये. फौजदारी खटले गाजविणारा वकील या कामाला उपयोगी पडेलच असे नाही. दिवाणी आणि मिळकतीच्या कामात मुरलेला, थोडा चिकित्सक, किंबहुना थोडा संशयी माणूस पाहावा. फी आधी ठरवून घ्यावी. आणि हेही सांगितले पाहिजे की, खुर्चीवर बसल्या बसल्या शोध-अहवाल लिहिणारे वकीलही मला आढळले आहेत. अहवालासोबत शोधाची शासकीय फी भरल्याची पावती मागावी. पावती मागितल्याने चांगला वकील रागावत नाही.

ज्यांना फी झेपत नाही त्यांनी निराश होऊ नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी सेवा मागता येते. घर पत्नीच्या नावे घेण्याचा विचार असेल तर तिनेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वा तालुका विधी सेवा समितीकडे सल्ल्यासाठी अर्ज करावा. महाराष्ट्रात महिलेच्या नावे घेतलेल्या निवासी घराला मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलतही २०२१ पासून सुरू झालेली आहे.

आता विकणाऱ्यांविषयी थोडे बोलतो, कारण या मंडपात घेणारे आहेत तसे विकणारेही आहेत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वडिलांच्या पश्चात फेरफार करताना बहिणींची नावे घातली गेली नाहीत. कोणी मुद्दाम वगळली, कोणी रिवाज म्हणून. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला, आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये ठरविले. बहिणीने आपण होऊन हक्कसोडपत्र लिहून दिले तर गोष्ट निराळी. तिला न विचारता विकाल, तर माझ्यासारखा कोणी शिक्षक पुन्हा फसेल, आणि तो कदाचित याच मंडपात आपल्या शेजारी बसलेला असेल.

ती भगिनी दर नवरात्रात देवीच्या दर्शनाला कोराडीस येते आणि आमच्या घरी चहा घेतल्यावाचून जात नाही. माझी दोन्ही विक्रीपत्रे आणि तिच्या वकिलाची ती नोटीस यांच्या प्रती मी आज बरोबर आणल्या आहेत. ज्यांना पाहावयाच्या असतील त्यांनी भोजनानंतर मला भेटावे.