प्लेट नंतर, आधी चुंबक
जुन्या अमेरिकन गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर घेताना सगळे आधी प्लेट वाचतात. मी खिशातलं चुंबक काढतो. दोन सिलिंडरचे यॉर्क आणि टेकम्से लांबून जुळे भाऊच वाटतात. चुंबक चिकटलं तर बिडाचा टेकम्से, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियमचा यॉर्क.

लांबट नळकांड्यासारखा, सहा सिलिंडरचा असेल तर जनरल मोटर्सचा ए-सिक्स. तो साठच्या दशकातला. १९५५च्या कॅडिलॅकला कुणी ‘ओरिजिनल’ म्हणून दाखवला तर सरळ उठून या.

प्लेटवर मी एकदा चांगलाच फसलोय. प्लेट अस्सल होती, पण बसवलेली दुसऱ्याच बॉडीवर! क्लच तर हमखास बदललेला असतो, त्यावरून साल काढू नका. (१९४०च्या पॅकार्डला क्लचच नव्हता; एसी बंद करायला पट्टा उतरवावा लागे.)

आर-१३४ए चं लेबल दिसलं तर समजा, नव्वदच्या दशकात किंवा नंतर कुणीतरी वायू बदललाय. मग तेल कुठलं भरलंय ते विचाराच. आर-१२ च्या काळातलं खनिज तेल या वायूत मिसळत नाही. कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि जाम होतो.