उंबरठ्याजवळचे उच्च शिक्षण

(हीरक महोत्सवानिमित्त बडोदे येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा अन्य वक्ते घेणार आहेत. मला आपले लक्ष एका चालू प्रश्नाकडे वेधायचे आहे. बारावीचा निकाल लागला की अनेक पालक शाळेत येतात आणि विचारतात, “बाई, मुलाला पुण्याला पाठवावे, की इथेच ठेवावे?” मुलीविषयी हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. “ती काय, इथेच करील काहीतरी,” असे म्हणून तो घरीच मिटवलेला असतो. ‘इथेच’ हा शब्द मुलाच्या बाबतीत कमीपणाचा ठरतो आणि मुलीच्या बाबतीत कुंपणाचा. हे दोन्ही अर्थ आपल्या मुलांवर आणि आपल्या शहरावरही अन्याय करणारे आहेत, असे मला वाटते.

आपण ज्या शहरात राहतो, त्या शहराने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून बडोद्याच्या गादीवर आलेल्या सयाजीराव महाराजांनी गुणी विद्यार्थ्यांना परदेशी पाठवले. 1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. परंतु त्याच महाराजांच्या कारकिर्दीत 1881 साली येथे बडोदा कॉलेज निघाले आणि 1890 साली कलाभवन सुरू झाले. कलाभवनात प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी तांत्रिक शिक्षण गुजराती भाषेतून देण्याचा प्रयोग केला. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे या कलाभवनाचे विद्यार्थी होते. बाहेर जाऊ शकणाऱ्याला वाट करून द्यावी आणि जाऊ न शकणाऱ्याच्या दाराशी शिक्षण आणून ठेवावे, या दोन्ही गोष्टी महाराजांनी एकाच वेळी केल्या. पुढे 1949 साली त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या. ज्या शहरात विद्यापीठाची पहिली सूत्रे एका स्त्रीने सांभाळली, त्या शहरात मुलीच्या पदवीचा उल्लेख ‘काहीतरी’ या शब्दाने व्हावा, हे मला खटकते.

जवळच्या महाविद्यालयातून मोठे काम घडत नाही, हा समजही तपासून पाहावा. रसायनशास्त्राचे 2009 चे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, ते डॉ. व्यंकटरामन रामकृष्णन यांचे बालपण याच शहरात गेले. त्यांचे वडील येथील विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. 1971 साली रामकृष्णन यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली ती याच विद्यापीठातून, आणि त्यानंतर ते अमेरिकेत गेले. प्रत्येक विद्यार्थी नोबेलपर्यंत पोहोचेल असे मी सुचवीत नाही. पदवीचा पाया घराजवळ घातला म्हणून पुढची इमारत ठेंगणी राहत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

मात्र जवळ असणे हा केवळ एक लाभ आहे. त्याला गुणवत्ता समजू नये. प्रवेश घेण्यापूर्वी काही गोष्टी पालकांनी स्वतः जाऊन पाहाव्यात. पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार आणि त्या विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का? संस्थेचे नॅक मूल्यांकन झाले आहे का? प्रयोगशाळेत विद्यार्थी स्वतः प्रयोग करतात, की लांबून पाहतात? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते? विषय शिकवणारे प्राध्यापक नियमित आहेत का? गुजरातमध्ये 2024 पासून विद्यापीठांचे प्रवेश जीकॅस या सामायिक संकेतस्थळावरून होतात. तेथील पसंतीक्रम सायबर कॅफेत घाईघाईने भरू नये; तो घरी कागदावर आधी लिहून काढावा. आणि आपल्या मुलाला हवा असलेला विषय येथे नसेल, किंवा बाहेर तो निश्चितच अधिक चांगला शिकवला जात असेल, तर त्याला अवश्य पाठवावे. मुलीलाही त्याच निकषावर पाठवावे. वसतिगृह, खानावळ आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते यांचा हिशेब दोघांसाठी सारखाच मांडावा.

आता आपल्या शाळेशी थेट निगडित असा एक मुद्दा. आपली मुले मराठीत लिहितात, रस्त्यावर गुजराती बोलतात आणि येथील विद्यापीठात पाऊल टाकताच त्यांना इंग्रजी व्याख्याने ऐकावी लागतात. पहिल्या सत्रात हुशार विद्यार्थीही गप्प होतो. त्याला विषय समजत नसतो असे नाही. ‘ऑस्मॉसिस’ हा शब्द ऐकल्यावर तो म्हणजे आपण शिकलेले ‘परासरण’, ही ओळख पटायला त्याला वेळ लागतो, आणि तोवर प्राध्यापक पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. हा अडसर पहिल्या काही महिन्यांचा असतो, परंतु त्याच महिन्यांत मुले स्वतःविषयी कायमचे मत करून घेतात. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, की वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आखा आणि रोज भेटणारे पारिभाषिक शब्द इंग्रजीत व मराठीत समोरासमोर लिहा. संकल्पना मराठीत समजून घ्या, उत्तर इंग्रजीत लिहिण्याचा सराव करा. तासाला प्रश्न विचारण्याचे धैर्य होत नसेल, तर तास संपल्यावर विचारा. मातृभाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत नेता येते. न समजता पाठ केलेले वाक्य मात्र कोणत्याच भाषेत कामी येत नाही.

पालकहो, दुसरी अडचण घरातली आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचा वेळ त्याचा स्वतःचा असतो. घरून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचा वेळ सर्वांचा असतो. पाहुणे आले, आजींना दवाखान्यात न्यायचे आहे, धाकट्याचा अभ्यास घ्यायचा आहे, की हाक तिलाच. पादरा, डभोईहून रोज अपडाउन करणाऱ्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन तास प्रवासातच जातात. घरातले काम मुलांनी करू नये असे मी म्हणणार नाही. परंतु बाहेर पाठवले असते तर जो खर्च झाला असता, त्याच्या बदल्यात तरी घराने एक टेबल, एक दिवा आणि रोजचे तीन अखंड तास पदवीच्या विद्यार्थ्याला द्यावेत. मुलगा असो वा मुलगी, त्या तीन तासांत कोणी हाक मारू नये.

येथे बसलेल्या काही माजी विद्यार्थिनींशीही मला बोलायचे आहे. तुमच्यापैकी कित्येकींचे शिक्षण लग्नामुळे किंवा घरच्या जबाबदारीमुळे अर्ध्यावर राहिले. तुमच्यासाठी दार बंद झालेले नाही. 1985 साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि 1994 साली स्थापन झालेले गुजरातचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ अभ्यासकेंद्रांच्या द्वारे शिक्षण देत आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी असे टप्पे मान्य केले आहेत. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा होतात आणि कमाल सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरता येतात. नव्या रचनेत प्रवेश घेतलेल्या मुलीला मध्येच थांबावे लागले, तरी तिचे केलेले वर्ष पूर्वीसारखे एकदम वाया जात नाही. ज्या महाविद्यालयात परतायचे, ते रिक्षाच्या अंतरावर असेल तर परतणे अधिक सोपे होते. जवळच्या महाविद्यालयाचे खरे मोल मला येथे दिसते.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. हीरक महोत्सवाची देणगी आपण उदारपणे दिली आहे. आता थोडा वेळही द्यावा. येत्या जूनपासून शाळेचे वाचनालय संध्याकाळी सहा ते नऊ पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उघडे ठेवण्यास व्यवस्थापनाने संमती दिली आहे. वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी, कायदा या क्षेत्रांत काम करणाऱ्या प्रत्येकाने आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे येऊन बसावे. शिकवलेच पाहिजे असे नाही. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला अडलेला एखादा परिच्छेद त्याच्याबरोबर वाचावा, आणि आपणही याच बाकांवरून तेथे गेलो होतो, हे त्याला सांगावे. शाळा दहावी-बारावीला त्यांचा हात सोडते, हा आजवरचा रिवाज साठाव्या वर्षी आपण मिळून बदलू या. ज्यांना यायचे आहे, त्यांनी आपले नाव, विषय आणि सोयीचा वार आज जाण्यापूर्वी कार्यालयातील वहीत नोंदवावा.