काळ्या बुडाचं पातेलं

आमच्या अम्मीचा भांडी घासण्याचा एक नियम होता. पातेलं आतून लख्ख हवं. बुडाची काजळी मात्र ती पार खरवडून काढायची नाही. काळ्या बुडाचं पाणी लवकर तापतं, असं तिचं म्हणणं. मी बी.ए. झालेला कवी. यातलं विज्ञान मला फार उशिरा कळलं.

चकचकीत धातू ऊन परतवतो, काळा पृष्ठभाग ते पिऊन टाकतो. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात चुनलेई गुओ आणि त्यांचे सहकारी धातू काळे करतात, पण रंग लावून नव्हे. लेसरच्या अतिसूक्ष्म ठोक्यांनी ते धातूवर नॅनोमीटरच्या मापाचं नक्षीकाम कोरतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्या खाचाखळग्यांत शिरलेल्या उजेडाला परतीची वाट सापडत नाही.

पण काळा रंग जसा घेतो, तसा देतोही. तापलेली काळी वस्तू उष्णता बाहेर फेकते. म्हणून टंगस्टनवरची नक्षी अशी बेतली, की ऊन आत यावं आणि उष्णता कमीत कमी निसटावी.

या उष्णतेची वीज कशी होते? दोन वेगळे धातू जोडून एक सांधा तापवला, दुसरा थंड ठेवला, तर वीज वाहते. याचा मूळ शोध सेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८२१ साली लावला. महत्त्व नुसत्या उष्णतेला नाही, दोन टोकांतल्या फरकाला आहे. म्हणून गुओंच्या गटाने तापत्या बाजूवर हरितगृहासारखं प्लॅस्टिकचं आच्छादन घातलं आणि थंड बाजूचं ॲल्युमिनियमही लेसरने कोरलं, म्हणजे तिथली उष्णता झटपट निघून जावी. २०२५ साली त्यांनी जाहीर केलं : वीज पंधरापट.

शब्दांशी व्यवहार करणाऱ्याने ‘पंधरापट’ हा शब्द तपासून घ्यावा. अशी बहुतेक साधनं उन्हातली एक टक्काही ऊर्जा विजेत बदलत नाहीत. छपरावरचं सौर पॅनेल सुमारे वीस टक्के बदलतं. तेव्हा पॅनेल उतरवायची घाई नको. मात्र दूरच्या जागी एखादं छोटं यंत्र चालवायला हे उपयोगी पडू शकेल.

काळं तोंड, काळा दिवस, काळा बाजार... माझ्याही कवितांत काळा रंग दोषीच ठरला. अम्मी गेल्यावर तिची पातेली मी हौसेने घासून फळीवर मांडली. ती आता छान चमकतात. तिला ते मुळीच आवडलं नसतं.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)