टेडीचं दप्तर की दप्तराचा टेडी?

बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सचं विवरणपत्र, भरायला बसलेल्या आयातदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'कुठल्या हेडिंगात ड्यूटी कमी बसेल?' मला आज एवढंच सांगायचं आहे, की हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी विचारायचं, ही वस्तू आहे काय?

लहान मुलांच्या बॅगा घ्या. माल न्हावा-शेवा बंदरात उतरतो आणि इनव्हॉइसवर शब्द दोनच, 'किड्स बॅग'. अहो, यावरून काय कळणार? पुस्तकांचं दप्तर असेल, पाठीवरची सॅक असेल, नाहीतर पोटाला चेन लावलेलं फरचं अस्वल असेल. कस्टम्सच्या दरपत्रकात बॅगांचं हेडिंग 4202, खेळण्यांचं 9503. बॅगांवरची मूळ ड्यूटी सप्टेंबर 2018मध्ये 10 वरून 15 टक्के झाली. खेळण्यांवरची 2020मध्ये 20 वरून 60 झाली, 2023मध्ये 70. शिवाय 2021पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. मग अस्वलसुद्धा बॅगच, असा हट्ट सुरू होतो.

अमेरिकेत नेमका उलटा हट्ट झाला. प्रोसेस्ड प्लास्टिक कंपनीचं म्हणणं होतं, की मुलांसाठी आपण आणलेल्या बॅगा म्हणजे खेळणीच. कारण तिथे खेळण्यांना ड्यूटी नव्हती आणि या बॅगांना 20 टक्के होती. 2006 साली अपील न्यायालयाने निकाल दिला, की त्या बॅगाच आहेत. दर बदलला म्हणून वस्तू बदलत नाही, हे लक्षात घ्या.

आपल्या स्वयंपाकघरातले मोदक आठवा. सारण तेच घेतलं, तरी पारी तांदळाच्या उकडीची असेल तर उकडीचे मोदक, कणकेची असेल आणि तेलात सोडले तर तळणीचे. नाव सारणावरून नाही, पारी आणि ती शिजवायच्या पद्धतीवरून पडलं. 4202मध्येही उपशीर्षक ठरवताना बाहेरचा पृष्ठभाग बघतात : चामडं आहे, की प्लास्टिक किंवा कापड. आणि आमचे आयातदार मात्र आतलं अस्तर किती भारी आहे ते सांगत बसतात! पारी सांगा, पारी. आता मिठाईवाल्याकडचा खव्याचा मोदक घ्या. साच्यातून निघाला म्हणून आकार मोदकाचा, पण चव घेतलीत तर तो पेढा. अस्वलाच्या आकाराची सॅक तशीच. पट्टे मजबूत आहेत, डबा आणि वही मावते, मूल ती शाळेत नेतं, म्हणजे ती बॅग. कप्पा नावापुरता आहे आणि मूल त्या अस्वलाला कुशीत घेऊन झोपणार आहे, तर माझ्या मते ते खेळणं, मग ड्यूटी कितीही बसो. साच्याकडे बघू नका. पेढा की मोदक, ते बघा.

बॅग ठरली, तरी 4202च्या मजकुरातला अर्धविराम बघायचा असतो. त्या मजकुरात दप्तर सूटकेस-ब्रीफकेसच्या पंगतीत, अर्धविरामाच्या अलीकडे बसलंय आणि रकसॅक पलीकडे. पलीकडच्या पंगतीला कशापासून बनवलं याची अट आहे, अलीकडच्या पंगतीला ती नाही.

एक मात्र सांगितल्याशिवाय उठणार नाही. 2011पासून स्वयंमूल्यांकन आहे. हेडिंग तुम्ही लिहिता, म्हणजे जबाबदारी तुमची. 'एजंटनं लिहिलं' हे उत्तर नोटिशीला चालत नाही. खरोखर शंका असेल तर 2021पासून मुंबईतच ॲडव्हान्स रूलिंगचं, म्हणजे आधीच निर्णय देणारं, प्राधिकरण आहे, तिथे अर्ज करा. माल बंदरात अडकून डेमरेज चढायला लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

तेव्हा पुढची ऑर्डर देण्याआधी एक नमुना मागवा. टेबलावर ठेवा, चेन उघडा, आत एक डबा आणि दोन वह्या घालून बघा. काय दिसलं ते साध्या शब्दांत लिहून काढा, आणि तेच इनव्हॉइसवर लिहायला पुरवठादाराला सांगा. दराचं पान त्यानंतर उघडा.