धुक्यातलं बॉम्बर आणि सरकारची जबाबदारी

२८ जुलै १९४५, शनिवार. जर्मनीने मे महिन्यातच शरणागती पत्करली होती. जपानशी युद्ध मात्र चालू होतं. त्या सकाळी न्यूयॉर्कवर इतकं दाट धुकं होतं की उंच इमारतींचे माथे दिसत नव्हते. अमेरिकी सैन्याचं बी-२५ मिचेल हे बॉम्बर मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डहून नेवार्ककडे निघालं होतं. विमानात बॉम्ब नव्हते, तीन माणसं होती. वैमानिक लेफ्टनंट कर्नल विल्यम स्मिथ अवघ्या २७ वर्षांचा, पण युरोपातल्या मोहिमांत तावूनसुलाखून निघालेला. एम्पायर स्टेट बिल्डिंगचा माथा इथून दिसत नाही, असं लाग्वार्डिया विमानतळाच्या नियंत्रकाने त्याला कळवलं होतं. तरीही तो पुढे गेला.

पावणेदहाच्या सुमारास ते विमान त्याच इमारतीच्या उत्तरेकडच्या बाजूवर आदळलं. ७८ ते ८० या मजल्यांदरम्यान सुमारे १८ बाय २० फुटांचं भगदाड पडलं. इंधन पेटलं. एक इंजिन इमारतीच्या आरपार जाऊन दक्षिणेकडून बाहेर पडलं आणि शेजारच्या छतावर कोसळलं. तिथला एका शिल्पकाराचा स्टुडिओ जळाला. दुसरं लिफ्टच्या पोकळीतून खाली गेलं. लिफ्ट चालवणारी एक तरुणी लिफ्टसकट ७५ मजले खाली कोसळली आणि तरीही वाचली. तिची कहाणी जगभर सांगितली गेली. मेलेल्यांविषयी मात्र फार थोडं बोललं गेलं.

मेले एकूण १४ जण : विमानातले ३ आणि इमारतीतले ११. ७९व्या मजल्यावर युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या लोकांसाठी मदत गोळा करणाऱ्या एका कॅथलिक संस्थेचं कार्यालय होतं. शनिवार असूनही तिथली मंडळी कामावर आली होती. हजारो मैलांवरच्या युद्धपीडितांसाठी राबणाऱ्या या माणसांना आपल्याच देशाच्या लढाऊ विमानाने मृत्यू यावा, ही गोष्ट आजही मन विषण्ण करते.

आग सुमारे ४० मिनिटांत विझली. पोलादी सांगाडा भक्कम राहिला, आणि सोमवारी बरेच मजले पुन्हा उघडले. अभियंत्यांचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. पण ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांनी दाद कुणाकडे मागायची?

मित्रहो, खरा प्रश्न हा आहे. सरकारी नोकराच्या हलगर्जीपणाबद्दल संघराज्य सरकारवर भरपाईचा दावा लावण्याची सोय तेव्हा अमेरिकेत नव्हती. ‘राजा चूक करू शकत नाही’ हे इंग्लंडचं जुनं तत्त्व राजाला झुगारून देणाऱ्या प्रजासत्ताकानेही जपलं होतं! नुकसान झालेल्याने काँग्रेसची दारं ठोठावायची आणि आपल्यापुरतं वेगळं विधेयक मंजूर करून घ्यायचं, एवढाच मार्ग उरे. ही पद्धत बदलण्याचे प्रयत्न बरीच वर्षं चालले होते. अखेर २ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या सहीने नवा कायदा झाला. तो १ जानेवारी १९४५ पासूनच्या घटनांना लागू करण्यात आला, म्हणून त्या शनिवारचे बळीही त्याच्या कक्षेत आले. केवळ या अपघातामुळे कायदा झाला, असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. पण अपघाताने त्याची निकड सर्वांना दाखवली, यात शंका नाही.

कायद्यात पळवाटाही होत्या. १९४७ साली टेक्सास सिटी बंदरात खताच्या जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसं मेली. त्यांच्या कुटुंबीयांचे दावे १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. खताबाबतचे निर्णय सरकारच्या विवेकाधीन अधिकारात येतात, असं न्यायालय म्हणालं.

आणि आपल्याकडे? राज्यघटनेचं कलम ३०० आजही सरकारची जबाबदारी घटनापूर्व काळातल्या सरकारच्या जबाबदारीवरून मोजायला लावतं. मुंबईत वकिली केलेले मोतीलाल सेटलवाड स्वतंत्र भारताच्या पहिल्या विधी आयोगाचे अध्यक्ष होते. आयोगाचा १९५६ सालचा पहिलाच अहवाल नेमका या विषयावर होता आणि त्याने स्वतंत्र कायद्याची शिफारस केली होती. साठच्या दशकात संसदेत विधेयकंही आली. त्यांचा कायदा झाला नाही.