खेळ संपण्यापूर्वींचा निकाल

सामना रंगांत आला म्हणजे प्रेक्षकांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "आतां जिंकलाच!" दुसरा म्हणतो, "अद्याप काय झालें आहे?" या दोन उद्गारांमध्यें गणिताला कांहीं स्थान आहे काय, हा प्रश्न बराच जुना आहे.

इ. स. १६५४ मध्यें पास्काल आणि फर्मा या फ्रेंच पंडितांनीं त्याविषयीं पत्रव्यवहार केला. दोघांनीं प्रत्येकीं ३२ मोहरा पणास लावल्या. जो प्रथम तीन डाव जिंकील त्याच्या त्या सर्व. एकाचे दोन व दुसऱ्याचा एक डाव झाला असतां खेळ मोडला, तर पैसे कसे वांटावे? पास्कालनें झालेले डाव मोजण्याऐवजीं राहिलेले डाव मोजले. पुढील डाव जिंकल्यास पहिल्याला ६४ मोहरा मिळतील. हरल्यास बरोबरी होऊन ३२ तरी त्याच्या आहेतच. उरलेल्या ३२ वर दोघांचा हक्क सारखा. म्हणून वांटणी ४८ व १६ अशी. म्हणजेच पहिल्याची जिंकण्याची संभाव्यता पाऊण.

हीच रीति टेनिसला लावतां येते. सर्व्हिस करणारा शंभरांपैकीं ६० गुण जिंकतो व एका गुणाचा परिणाम दुसऱ्यावर होत नाहीं, एवढेंच गृहीत धरावें. ड्यूस झाल्यावर त्यानें लागोपाठ दोन गुण घेण्याचा संभव शंभरांत ३६, प्रतिपक्षानें घेण्याचा १६. बाकीच्या ४८ वेळां खेळ पुनः तेथेंच येतो. म्हणून ३६ व १६ यांचीच तुलना करावयाची. शंभरांत सुमारें ६९ वेळां गेम त्याचा होतो. आरंभापासून हिशेब केल्यास ७४ येतात. गुणांतील थोडेंसें वर्चस्व गेममध्यें असें वाढतें.

दिनांक १४ जुलै २०१९ रोजीं विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत पांचव्या सेटमध्यें रॉजर फेडरर ८-७ नें पुढें होता. सर्व्हिस त्याची, गुण ४०-१५. गेम जाण्यास दोन्ही गुण जावयास हवे व मग ड्यूसनंतरही हार व्हावयास हवी; हा संभव शंभरांत अवघा पांच. गेम गेला तरी ८-८ अशी बरोबरीच होणार, म्हणून सामना गमावण्याचा संभव त्याच्याही निम्मा. तरीही नोव्हाक जोकोविचनें ते दोन्ही गुण घेतले, गेम घेतला व अखेर १३-१२ असा सेट जिंकून विजेतेपद मिळविलें. एकंदर गुण मात्र फेडररचे २१८ व जोकोविचचे २०४ होते!

मग गणित खोटें ठरलें काय? एका सामन्यावरून तें सांगतां येत नाहीं. ज्या ज्या वेळीं गणितानें ९५ सांगितले, त्या सर्व वेळा जमवून शंभरांत ९५ च्या आसपास यश आलें कीं नाहीं, हें पाहणें हीच त्याची कसोटी. गृहीत गोष्टीचीही परीक्षा झाली आहे. क्लासन व मॅग्नस यांनीं १९९२ ते १९९५ पर्यंतच्या विंबल्डनमधील सुमारें ९०,००० गुण तपासले. मागील गुणाचा पुढील गुणावर परिणाम होतो आणि महत्त्वाच्या गुणाच्या वेळीं सर्व्हिस करणाऱ्याचें वर्चस्व किंचित् घटतें, असें त्यांना आढळलें. परंतु हा फरक लहान आहे.

तेव्हां पहिला प्रेक्षक चुकत नाहीं तो बहुधा, आणि दुसरा खरा ठरतो तो क्वचित्. किती बहुधा व किती क्वचित्, एवढेंच गणित सांगतें. तो शेवटचा गुण खेळाडूलाच खेळावा लागतो.