एका पंक्तीचा धडा



एकत्र राहणे कठीण, हे कोल्हापूर जाणते. येथे १८९६ साली सर्व जातींसाठी काढलेल्या वसतिगृहाचा प्रयोग साधला नाही. म्हणून १९०१ पासून शाहू छत्रपतींच्या आश्रयाने जातवार वसतिगृहे निघाली.

परंतु ते साधते, हे आम्ही पुण्याच्या पेपल सेमिनरीत पाहिले. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली कँडी येथे स्थापिलेली ही संस्था १९५५ साली पुण्यास आली. नाना भाषांचे, निरनिराळ्या उपासनाविधींचे आम्ही विद्यार्थी एका पंक्तीस बसत असू. कोणास भात हवा, कोणास भाकरी, भांडणेही होत. उद्या त्याच पंक्तीस बसावयाचे, म्हणून ती मिटवावीच लागत.

आज आपल्या शहरात खेड्यांतून आलेले कित्येक विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत एकटे जेवतात. या महोत्सवी वर्षी प्रत्येक घराने रविवारी मिस्सेनंतर, जात न पुसता, एकास आपल्या पंक्तीस बसवावे.